सबसिडीचा कारखाना बंद पडतो, तेव्हा कुणाचं किती जातं

माझे मामा धुळे जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत १९ वर्षं सायडर होते. रिंग फ्रेमच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या मशीनच्या एका बाजूवर लक्ष ठेवायचं आणि तुटलेला धागा चालत्या मशीनवर बोटांनी जोडायचा, हे सायडरचं काम. पाळी संपवून मामा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे. मामी दारातच त्यांच्या हातात टॉवेल द्यायच्या. गेटवर नोटीस लागली त्या दिवशी मामा तासाभरातच परत आले आणि त्यांच्या भुवया काळ्याभोर होत्या. मामींनी तेवढ्यावरून ओळखलं. "आते कसं व्हई?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्या गिरणीत सरकारचा पैसा होता, बँकेचा होता, सभासद शेतकऱ्यांचा थोडा होता. बंद झाल्यावर या सगळ्यांच्या पैशाची बातमी आली. किती कोटी थकले, कुणाची हमी होती, जप्ती कधी. मामांच्या १९ वर्षांचं काय झालं, हे कुठल्याच बातमीत नव्हतं. आज मी बंद कारखान्यांतल्या कामगारांचे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरीच्या वर्षांप्रमाणे शेवटी मिळणाऱ्या रकमेचे) अर्ज भरून देतो. समोर बसणाऱ्या प्रत्येकाला तेच ते प्रश्न असतात, म्हणून हे सगळं एकदा नीट मांडून ठेवतो आहे.

सरकार नेमकं देतं काय

सबसिडी म्हटलं की मालकाच्या हातात नोटांचं बंडल दिल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. बहुतेक वेळा तसं नसतं. महाराष्ट्रात १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे आणि ती वेळोवेळी नव्याने येते. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातली गर्दी कमी व्हावी आणि मागे पडलेल्या भागात कारखाने जावेत, हा तिचा हेतू. त्यासाठी तालुक्यांना अ, ब, क, ड, ड+ असे गट दिले आहेत. जितका मागास गट, तितकी सवलत जास्त. खान्देशातले बहुतेक तालुके ड आणि ड+ मध्ये येतात.

पूर्वी या योजनेत विक्रीकराची सवलत मोठी असायची. ग्राहकाकडून घेतलेला विक्रीकर कारखान्याने लगेच सरकारात भरायचा नाही, तो काही वर्षं बिनव्याजी वापरायचा आणि मग हप्त्याने फेडायचा. आता राज्याच्या वाट्याच्या जीएसटीचा काही भाग परत मिळतो. जागा घेताना मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क काही वर्षं माफ, लहान उद्योगाला व्याजात मदत. म्हणजे सरकार बहुतेक करून स्वतःकडे येणारा पैसा सोडून देतं. तो पैसा तुमचाआमचाच असतो, फक्त तिजोरीत पोचण्याआधीच वळलेला.

सहकारी सूतगिरणीचं गणित वेगळं आहे आणि जास्त उघड आहे. ५:४५:५० असं सूत्र अनेक गिरण्यांना लागू झालं. भांडवलाच्या १०० रुपयांत ५ रुपये सभासदांचे, ४५ रुपये सरकारचं भागभांडवल, ५० रुपये कर्ज. साखर कारखान्यांतही सरकारचं भागभांडवल असतं आणि कर्जाला सरकारची हमी असते.

या सगळ्याच्या बदल्यात सरकार काय मागतं? गुंतवणूक करा, उत्पादन सुरू करा, ठरलेली वर्षं सुरू ठेवा आणि नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक माणसं घ्या. अट चांगली आहे. पण ही सगळी यादी कारखाना सुरू होण्याची आणि सुरू राहण्याची आहे. तो बंद पडला तर गावातल्या माणसाचं देणं आधी बाजूला काढून ठेवा, असं त्यात कुठे नाही. माझं सगळं म्हणणं या एका रिकाम्या जागेबद्दल आहे.

बंद पडायला वर्ष लागतं

कारखाना एका दिवसात बंद होत नाही. नोटीस एका दिवसात लागते. खात्यातल्या माणसाला आधीच कळायला लागतं. आधी ओव्हरटाइम थांबतो. मग बदली कामगारांना "उद्या नका येऊ" सांगतात. कापसाच्या गाड्या कमी होतात. गाठी संपत आल्या की तीन पाळ्यांच्या दोन होतात, दोनाची एक. पगार १० तारखेचा २० ला, मग अर्धा आता, अर्धा नंतर. वीजबिल थकतं. आणि याच काळात एक गोष्ट गुपचूप घडते: पगारातून पीएफ कापला जातो पण भरला जात नाही. हा फौजदारी गुन्हा आहे. कामगाराला मात्र तो दीड-दोन वर्षांनी, अर्ज भरायला आल्यावर कळतो.

कारणं दर वेळी एकच नसतात. खेळतं भांडवल आटतं. कापूस महाग आणि सूत स्वस्त असा हंगाम येतो. शेजारी गुजरातेत वेगळे दर आणि वेगळ्या सवलती असतात, आणि आपला कापूस नवापूरकडून पलीकडे जायला वेळ लागत नाही. सरकारकडून यायचा परतावा रखडतो आणि त्याच्या भरवशावर घेतलेलं कर्ज थकतं. कधी कारभारच वाईट असतो. आणि काही ठिकाणी असंही दिसतं की सवलतीची वर्षं संपली आणि कारखान्यातला रसही संपला. ज्याचा स्वतःचा पैसा कमी अडकलेला, त्याला उठून जाणं सोपं जातं. सगळेच मालक असे नसतात. खान्देशात पदरचे पैसे घालून कारखाना तगवणारी माणसंही आहेत.

आपल्याकडे बंदी नवी नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल. या जुन्या खासगी गिरण्या सबसिडीच्या आधी उभ्या राहिलेल्या. जळगाव स्टेशनजवळ खान्देश मिल होती तिथे आज खान्देश सेंट्रल हे व्यापारी संकुल उभं आहे. नंतर सहकारी साखर कारखान्यांवर तीच वेळ आली. साक्री तालुक्यातला पांझरा-कान, चाळीसगावचा बेलगंगा, कासोद्याचा वसंत, शिरपूरचा. या सगळ्यांनी वर्षानुवर्षांची बंदी पाहिली.

पंगतीत कामगार कुठे बसतो

कारखाना बंद झाल्यावर जे विकून येईल ते कुणाला आधी मिळतं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कंपनी असेल तर २०१६ चा दिवाळखोरी कायदा लागतो. पंगतीचा हिशोब धरा. सगळ्यात आधी विक्रीच्या प्रक्रियेचाच खर्च वाढला जातो. त्यानंतरच्या पंगतीत दोघं शेजारी बसतात: आपलं तारण सोडून दिलेली बँक आणि कामगार. पण कामगाराची फक्त मागच्या २४ महिन्यांची देणी या पंगतीत धरतात. कामगार या व्याख्येत न बसणारे बाकीचे कर्मचारी त्याच्या नंतरच्या पंगतीत, तेही १२ महिन्यांपुरते. सरकारी देणी आणखी खाली.

पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतला पैसा या पंगतीत येतच नाही. तो कामगारांचाच, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं कायदा सांगतो. ऐकायला फार बरं वाटतं. अडचण अशी की ग्रॅच्युइटीसाठी वेगळा निधी अनेक ठिकाणी ठेवलेलाच नसतो. जे भांडं ठेवलंच नाही, त्याला संरक्षण कसलं देणार?

सहकारी संस्थेला हा कायदा लागत नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली अवसायक नेमतात. अवसायक म्हणजे संस्था गुंडाळून तिची देणीघेणी मिटवणारा अधिकारी. दोन्हीकडे अनुभव सारखाच. वर्षं जातात. तोवर मशीनचा तांब्याचा भाग आधी गायब होतो, मग पत्रे, आणि शेवटी लिलाव होतो तो वजनावर, भंगाराच्या भावाने.

आता कामगाराला कायद्याने किती मिळायला हवं ते पाहू. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आणि नोकरी १८ वर्षं. ग्रॅच्युइटी: १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १८. साधारण १,५५,७६९ रुपये. शिवाय बंदीची भरपाई, दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. अर्ध्या महिन्याचा धरला तर १,३५,००० रुपये. दोन्ही मिळून तीन लाखांच्या आत. १८ वर्षांचे.

भरपाईबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे कामगाराला गंडवलं जातं. मालकाच्या हातात नसलेल्या, टाळता न येणाऱ्या कारणामुळे बंदी आली तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होते. पण पैशाची तंगी, माल विकला न जाणं, भाडेपट्टा किंवा परवाना संपणं ही कारणं यात धरत नाहीत, असं कायद्यातच लिहिलं आहे. "कंपनी तोट्यात होती म्हणून तीनच महिने" असं कुणी म्हणालं तर सही करू नका.

पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागायची. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हा आकडा ३०० झाला. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक कारखाने ३०० च्या आतलेच. तिथे आता ६० दिवसांची नोटीस पुरते, आणि ५० पेक्षा कमी कामगार असतील तर तीही नाही. कारखाने मोकळेपणाने यावेत म्हणून हे केलं, असं सांगतात. असेलही. पण माणसाला जगण्याची दुसरी सोय लावायला ६० दिवस पुरत नाहीत, हे मी समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर रोज पाहतो.

आणि ठेक्यावरचा माणूस? तो वर्षानुवर्षं त्याच गेटातून आत गेलेला असतो, पण ठेकेदार तीनदा बदललेला असतो. त्याचं नाव मालकाच्या कुठल्याच देण्यात नसतं.

एकमेकांना जामीन

वरचे आकडे कुठल्याही वकिलाकडे मिळतील. मला ज्या गोष्टीने झोप लागत नाही ती वेगळी आहे.

कारखान्यात कामगारांची पतसंस्था असते. घर बांधायला, बहिणीच्या लग्नाला, मुलाच्या पॉलिटेक्निकला तिथून कर्ज मिळतं. कागद सोपे, कारण हप्ता थेट पगारातून कापला जातो. जामीन लागतात दोन. जामीन कोण राहणार? शेजारच्या फ्रेमवरचा माणूस. त्याने कर्ज घेतलं की तुम्ही त्याला जामीन. अशी सगळ्या खात्याची सह्यांची साखळी तयार होते. एक जण आजारी पडला, सोडून गेला, तर बाकीचे सांभाळून घेतात. हा व्यवहार विश्वासाचा आहे आणि वर्षानुवर्षं उत्तम चालतो.

गेट बंद झालं की पगार थांबतो, हप्ता थांबतो. कर्जदार थकतो आणि त्याचे दोन्ही जामीनदार त्याच दिवशी बेकार झालेले असतात. आता वसुलीची नोटीस तिघांना जाते, आणि हे तिघं एकमेकांच्या मुलांच्या जावळापासून लग्नापर्यंत हजर असलेले. मामांच्या घरी अशा दोन नोटिसा आल्या होत्या. एक त्यांच्या कर्जाची, एक ज्यांना ते जामीन होते त्यांची. ते गृहस्थ मामांच्या जॉबरचे, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचे धाकटे भाऊ. मामा त्यांच्याकडे गेलेच नाहीत. "त्याचं तोंड कसं पहायचं?" म्हणाले. तेही इकडे आले नाहीत. एकाच गल्लीत राहून दोन वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतंच, फक्त लाज होती. मामी आणि त्यांच्या घरच्या मात्र श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रोटांना एकमेकींकडे जात राहिल्या, म्हणून दार अगदीच बंद झालं नाही.

ही किंमत कुठल्या अहवालात कोणत्या रकान्यात लिहिणार?

त्यानंतर घराची घडी बदलते. चाळिशी ओलांडलेल्या सायडरच्या बोटांत जे कसब आहे ते दुसऱ्या कुठल्या कामात लागत नाही. जळगावच्या चटई कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये गेला तर नवखा म्हणून सुरुवात. बरेच जण सुरत धरतात. उधना, लिंबायतला आधीच आपल्याकडची इतकी माणसं आहेत की खोली आणि काम दोन्ही ओळखीने मिळतं. दहा-बारा जण एका खोलीत, महिन्याला घरी पैसे, सणाला दोन दिवस येणं. घरी बाई एकटी, म्हातारी माणसं आणि मुलं तिच्या अंगावर. मामींनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला तो त्या वर्षी. नंदुरबारकडे बायका मिरचीच्या कामाला जातात. संध्याकाळी हातांची इतकी आग होते की पोराला जवळ घ्यायलाही त्या घाबरतात.

मुलाला स्थळ येतं तेव्हा "पोरगा परमनंट आहे" हे वाक्य पुरायचं. ते वाक्य गेलं. ग्रॅच्युइटी आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) लग्नासाठी मनात राखून ठेवलेली असते, ती कधी मिळेल ते अवसायकालाही माहीत नसतं. वाण्याच्या वहीत उधारी आधी पानभर असते, मग वहीच वेगळी होते. पाळीच्या वेळेला गेटसमोर भरणारी चहाची गाडी, पोह्यांची गाडी, सायकल दुरुस्तीवाला हे तर कामगारांच्याही आधी संपतात, कारण त्यांना नोटीससुद्धा नसते.

साखर कारखान्याच्या बाबतीत शेतकऱ्याचं वेगळं मरण. उसाची नोंद एका कारखान्याकडे, बारा-चौदा महिने ऊस शेतात, आणि गाळपाच्या तोंडावर कळतं की धुराडं पेटणार नाही. ऊस केळीसारखा बाजारात नेऊन विकता येत नाही. दूरच्या कारखान्याला द्यायचा तर तोडणी-वाहतूक दरातून कापली जाते. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बंद कारखान्याकडे अडकलेल्या बिलासाठी हा आदेश हातात घेऊन फिरणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत.

हातात काय ठेवायचं

कारखाना चालू असतानाच ही तयारी करावी. पीएफचं पासबुक तीन महिन्यांतून एकदा मोबाइलवर बघा, कापलेला पैसा जमा होतो का ते तिथे दिसतं. पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीचं पत्र, गेटपास, विम्याचं कार्ड यांचे फोटो काढून ठेवा. आधारवरचं आणि पीएफवरचं नाव अक्षरन् अक्षर एक आहे का, जन्मतारीख एक आहे का, हे आत्ताच बघा. मालक असताना ही दुरुस्ती सोपी आहे, नंतर नाही.

राज्य कामगार विम्याची एक योजना फार थोड्यांना माहीत आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ ची. विम्यात असलेल्या कामगाराचा कारखाना बंद झाला आणि किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असली, तर २४ महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो. पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, आणि त्या काळात घरच्यांना दवाखानाही. बंदी झाल्यावर पहिल्या आठवड्यात विम्याच्या ऑफिसात जा.

पेन्शनच्या बाबतीत घाई करू नका. नोकरी दहा वर्षं भरली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन आहे, किमान १,००० रुपये. दहा भरायला थोडी कमी असेल तर पेन्शनचा पैसा काढून घेण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्यात मिळवता येतात. तंगीत सगळे पैसे काढून घेतात आणि मग हळहळतात.

सरकारकडून मला एकच हवं आहे आणि ते अशक्य नाही. सबसिडीचा प्रत्येक हप्ता सोडताना दोन कागद मागावेत: पीएफ भरल्याची पावती आणि ग्रॅच्युइटीचा पैसा वेगळ्या निधीत ठेवल्याचा दाखला. ठेक्यावरच्या माणसांसकट. दोन्ही नसतील तर हप्ता थांबवावा. कारखाना चालू असताना मालकाला सरकारची गरज असते, तेव्हाच हे होऊ शकतं. बंद झाल्यावर कोण कुणाला विचारतं?

परवा शिंदखेड्याकडचे एक काका आले होते. १४ वर्षं एका कारखान्यात ऑपरेटर. पीएफचे पैसे खात्यात दिसतात पण निघत नाहीत, कारण नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकलेली नाही आणि आता टाकायला तिथे कुणी नाही. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले असतील तर कामगार स्वतः ती तारीख टाकू शकतो. ती आम्ही टाकली. मग दुसरं निघालं. आधारवर Bhimrao, पीएफमध्ये Bhimarao. एका अक्षरामुळे अर्ज परत. कारखाना बंद असल्यामुळे दुरुस्तीच्या अर्जावर मालकाच्या जागी राजपत्रित अधिकारी, नोटरी किंवा सरपंच यांची सही चालते. काकांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत १४ वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, वर्षवार रबर लावून. सोमवारी सरपंचांची सही घेऊन यायला सांगितलं आहे. जाताना त्यांनी विचारलं, "डबा इथंच राहू देऊ का? तिथं घर गळतं."

डबा माझ्या कपाटात आहे.